पायलटांना मराठीत बोलू दिलं तर?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचा सारांश असा: पायलट आणि कंट्रोलर यांच्यातला घोळ निव्वळ इंग्रजीमुळे होतो, टेनेरिफ आणि चरखी दादरी इथल्या विमानांच्या टकरी हे त्याचे पुरावे, ज्याला त्याला आपापल्या भाषेत बोलू द्या, आणि तसंही आता विमानात टक्कर टाळायला ‘चढ’, ‘उतर’ सांगणारं टीकॅस हे यंत्र आलंय, रेडिओवर कोण काय बोललं याने फरक पडत नाही.

‘आपापल्या भाषेत बोलू द्या.’ देतातच की! आंतरराष्ट्रीय नियमाला जमिनीवरच्या केंद्राची भाषाही चालते. परदेशी विमानांची ये-जा असेल तिथे मागितल्यावर इंग्रजी मिळाली पाहिजे, एवढंच. फ्रान्समध्ये फ्रेंच पायलटांशी फ्रेंचच बोलतात. त्याचं काय होतं ते 25 मे 2000 ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर दिसलं. एमडी-83 या प्रवासी जेटला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमधून मिळाली. त्याच धावपट्टीवर मधूनच शिरणाऱ्या शॉर्ट्स 330 या छोट्या विमानाच्या इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांना ती कळलीच नाही. एमडी-83 चा पंख थेट त्यांच्या कॉकपिटमध्ये घुसला आणि सहवैमानिक गेला. कंट्रोलरचीही चूक होती. शॉर्ट्स एमडी-83 च्या मागे आहे असं त्याने धरलं होतं. पण ती परवानगी समजली असती तर शॉर्ट्सवाले जागेवर थांबले असते. एका फ्रिक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचं ऐकतात, त्याचा फायदा हाच. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचा टॉवर हवाई दलाचा. तिथे कंट्रोलर तमिळ, उतरणारा कॅप्टन पंजाबी आणि रांगेतला नगरचा असेल, तर मातृभाषा नेमकी कुणाची धरायची?

‘टेनेरिफ म्हणजे इंग्रजीचा बळी.’ यात थोडं तथ्य आहे. 27 मार्च 1977 ला धावपट्टीवर धावू लागलेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा सहवैमानिक ‘वी आर नाऊ अॅट टेकऑफ’ म्हणाला, हे डच वळणाचं इंग्रजी असावं. पण कंट्रोलरचं ‘ओके’ कुठल्याही भाषेत घातकच ठरलं असतं. ‘ओके’नंतरचं ‘थांबा, मी सांगतो’ आणि त्याच धावपट्टीवरच्या पॅन अॅम या अमेरिकी कंपनीच्या विमानाचं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी हवेत गेली. केएलएमच्या कानात तीन-चार सेकंद शिट्टीच वाजली. 583 माणसं गेली. त्यानंतर बदलला तो शब्द. ‘टेकऑफ’ आता प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’.

‘चरखी दादरीला कझाक वैमानिकांना इंग्रजी कळलं नाही.’ त्यांचं इंग्रजी कच्चं होतं हे खरं. पण 12 नोव्हेंबर 1996 ला त्यांना 15,000 फुटांपर्यंतच उतरायचं होतं, आणि त्यांच्या रेडिओ ऑपरेटरने तोच आकडा दिल्लीला कळवला होता. तरीही विमान त्याखाली गेलं. समोरून 14,000 वर सौदीचं 747 येत होतं. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाचा ठिपका दिसायचा, उंची नाही. त्यामुळे कंट्रोलरला चूक दिसायला मार्गच नव्हता. दोन्ही विमानांतले मिळून 349 जण गेले.

फॉरवर्डमध्ये जे नाही तेच मुळात महत्त्वाचं आहे: रीडबॅक. धावपट्टी, उंची, दिशा, वेग, दाब, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) कोड हे पायलटने जसंच्या तसं म्हणून दाखवायचं आणि कंट्रोलरने कान देऊन ते ताडून पाहायचं. नुसतं ‘रॉजर’ म्हणजे ‘ऐकलं’, ‘करतो’ नव्हे. समजा, पावसाळ्यात टॉवरने क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा तिथला हवेचा दाब, 1003 दिला आणि पायलटने 1013 ऐकला. असं ऐकणं सोपं आहे, कारण 1013 हा प्रमाण दाब. वर असताना तोच लावलेला असतो आणि कान ओळखीचं तेच पकडतो. दाबाच्या एका एककाला, म्हणजे हेक्टोपास्कलला, साधारण 27-28 फूट, म्हणजे दहाला पावणेतीनशेच्या आसपास. उंचीमापक तेवढं जास्त दाखवणार, विमान प्रत्यक्षात तेवढं खाली असणार. लोहगावची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून 1,940 फुटांच्या आसपास आहे, तेव्हा जमीन वाटते त्याहून लवकर येते. पायलटने ‘वन झिरो वन थ्री’ वाचून दाखवलं आणि कंट्रोलरने ‘निगेटिव्ह, वन झिरो झिरो थ्री’ म्हटलं, की मिटलं. तेवढ्यात कंट्रोलरच्या हातात दुसरा फोन असेल तर ही चूक तशीच पुढे सरकते.

आणि इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचं काय? 19 फेब्रुवारी 1989 ला क्वालालंपूरजवळ अमेरिकी मालवाहू 747 ला 2,400 फुटांवर यायला सांगितलं होतं, ‘टू फोर झिरो झिरो’. त्यातला आकडा ‘टू’ त्यांनी ‘पर्यंत’ या अर्थाचा धरला आणि ‘ओके, फोर झिरो झिरो’ असं उलट सांगितलं. कुणी टोकलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. म्हणून उंची ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ अशी बोलायची.

राहिलं टीकॅस. 1 जुलै 2002 ला जर्मनीतल्या उबरलिंगनच्या आकाशात टीकॅसने टुपोलेव्ह या रशियन प्रवासी विमानाला ‘चढ’ सांगितलं, कंट्रोलरने ‘उतर’. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. समोरचं मालवाहू विमान टीकॅसच्या सांगण्यावरून उतरतच होतं. 71 मृत्यू. आता नियम स्पष्ट आहे: अशा वेळी टीकॅसचंच ऐकायचं. पण जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली ते चढ-उतर सांगणं बंद करतं, त्यामुळे धावपट्टीवर दोन विमानं समोरासमोर आली तर त्याचा उपयोग शून्य.