गरीब मरणं हा कुणाचा दोष?

‘गरीब म्हणून जन्माला येणं हा तुमचा दोष नाही, पण गरीब म्हणूनच मरणं हा मात्र तुमचाच दोष.’ हे वाक्य कुणा ना कुणा अब्जाधीशाच्या नावावर खपवलं जातं आणि सुविचार म्हणून सतत फिरत असतं. पाठवणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो, कुणाला तरी उमेद यावी असं त्याला वाटत असतं. पण जन्मभर राबून म्हातारपणीही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या वाचण्यात हे येतं, तेव्हा त्याला एवढंच ऐकू येतं की तू कमी पडलास. हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे आणि खोटंही आहे.

आधी या वाक्यातच जी फट आहे ती पाहू. जन्म आपल्या हातात नसतो, मान्य. मग दोष आपल्याकडे येतो तो नेमका कितव्या वर्षी? पाचव्या, की अठराव्या? अमेरिकेत १९९४ पासून बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला. अतिशय गरीब वस्त्यांतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांची सोडत काढली गेली. काहींना कमी गरिबी असलेल्या वस्तीत राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत मिळाली, काहींना मिळाली नाही. पुढे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांची मोठेपणीची कमाई तपासली. तेरा वर्षांची होण्याआधी जी मुलं नव्या वस्तीत गेली, त्यांची विशीतली कमाई मागे राहिलेल्या मुलांपेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. तेराव्या वर्षानंतर गेलेल्यांना असा फायदा झाला नाही. सोडतीमुळे दोन्ही गटांतले आईबाप सारखेच होते, त्यांची तळमळही सारखीच होती. म्हणजे मिसरूड फुटायच्या आत बरंच काही ठरून गेलेलं असतं, आणि ते त्या पोराने ठरवलेलं नसतं.

आता या वाक्याला ज्या समजुतींचा टेकू दिला जातो, त्या एकेक करून घेऊ.

‘मेहनत करणारा वर येतोच.’ तसं असतं तर डोक्यावर विटा वाहणारी बाई केव्हाच वर आली असती. मेहनतीच्या हाताशी काय आहे, हा खरा प्रश्न आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००७ मध्ये सुरू केलेल्या एका कार्यक्रमात अत्यंत गरीब बायकांना गायीसारखं जनावर आणि ते सांभाळण्याचं प्रशिक्षण दिलं. त्याआधी यातल्या बहुतेकजणी दुसऱ्यांच्या शेतात नाहीतर घरात मजुरी करत होत्या. अर्थतज्ज्ञांनी या कुटुंबांवर अकरा वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांच्याकडे आधीपासून थोडंफार काही होतं आणि जनावराची भर पडल्यावर ज्या एका ठरावीक पातळीच्या वर गेल्या, त्यांची मालमत्ता पुढे वाढत राहिली. ज्या त्या पातळीच्या जराशा खाली राहिल्या, त्या घसरत पुन्हा पहिल्या जागी आल्या. मदत तीच, प्रशिक्षण तेच. संशोधकांनी निष्कर्ष काढला की फरक त्या बायकांच्या अंगच्या गुणांचा नव्हता, हाताशी असलेल्या भांडवलाचा होता.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की चुकायला किंवा आजारी पडायला कुणाला किती जागा आहे. घरी कपडे शिवून चार पैसे मिळवणारी एक बाई डोळ्यांसमोर आणा. आठवडाभर ताप आला. पगारदाराची अशा वेळी रजा खर्ची पडते, हिचं उत्पन्न थांबतं. औषधांना पैसे लागतात, तेवढ्यात घरभाड्याची तारीख येते. उसने मिळतात, पण चढ्या व्याजाने, कारण जिच्याकडे तारण नाही तिला स्वस्त कर्ज कुणी देत नाही. दोन हप्ते चुकतात आणि शिलाई मशीन विकायला निघतं. मशीन गेलं की पुढच्या वर्षाची कमाईही गेली. यात तिचा एकही निर्णय मूर्खपणाचा नव्हता. सुस्थितीतल्या घरातला मुलगा एक वर्ष वाया घालवतो, चुकीचा कोर्स निवडतो, धंद्यात बुडतो आणि पुन्हा उभा राहतो. आपण त्याच्या जिद्दीचं कौतुक करतो. ती जिद्द खरी असतेच, पण त्याची चूक कुणीतरी भरून काढलेली असते.

‘गरिबांना धीर नसतो, आजचं आजच उडवतात.’ याला आधार म्हणून अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातला मार्शमॅलोचा प्रयोग हमखास सांगितला जातो. मुलापुढे एक गोड गोळा ठेवायचा. थोडा वेळ न खाता थांबलं तर दुसरा मिळेल. जी मुलं थांबली ती पुढे यशस्वी झाली, म्हणून संयम हेच यशाचं मूळ, अशी ती गोष्ट. पण मूळ प्रयोगातली मुलं विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतली, म्हणजे बहुतेक शिकल्यासवरल्या घरांतली होती. २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासलं गेलं, तेव्हा घरची परिस्थिती आणि लहानपणची जडणघडण हिशेबात धरताच तो संबंध फारच क्षीण झाला.

त्याहून बोलका आहे २०१३ मधला, रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड यांचा लहानसा प्रयोग. त्यांनी २८ मुलांचे दोन गट केले. चित्र काढताना प्रत्येकाला सांगितलं, थांब, तुला चांगले रंग आणून देते. एका गटाला रंग खरोखर आणून दिले. दुसऱ्या गटाला सांगितलं, माफ कर, रंग नाहीत. मग मार्शमॅलो पुढे ठेवला. शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली जेमतेम तीन मिनिटं. ज्या घरात ‘पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हटलेली वस्तू कधी येतच नाही, कारण पैसेच येत नाहीत, तिथल्या मुलाने हातातला घास लगेच खाल्ला तर ते त्याचं शहाणपण आहे. त्याला उतावळा म्हणणं क्रूर आहे.

‘पैसे दिले तर दारूत घालवतील.’ हे थेट तपासता येतं आणि तपासलंही गेलंय. जागतिक बँकेच्या एका अभ्यासात डेव्हिड इव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र पाहिले. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत नाही, झालाच तर थोडा कमी होतो, असं त्यांना आढळलं. यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

‘मग अमका झोपडीतून निघून एवढा मोठा कसा झाला?’ झाला, आणि त्याच्याबद्दल आदरच आहे. पण जे झाले नाहीत ते आपल्याला दिसत नाहीत. अमेरिकेतल्या संशोधकांनी पेटंट मिळवणाऱ्यांची बालपणं शोधून काढली. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं, उत्पन्नाने खालच्या अर्ध्या भागातल्या घरांतल्या मुलांच्या दहापट प्रमाणात संशोधक झाली होती. बुद्धीचा फरक असेल म्हणावं, तर तिसरीतल्या गणिताच्या गुणांत बरोबरीने पुढे असलेल्या मुलांमध्येही गरीब घरची पोरं मागे पडलेली दिसली. अशाच गणितात अव्वल असलेल्या एखाद्या मुलीने नववीत शाळा सोडून धाकट्या भावंडांना सांभाळलं असेल, तर तिच्यावर प्रेरणादायी व्हिडिओ कोण बनवणार?

राहिला ‘फुकट दिलं की माणसं आळशी होतात’ हा मुद्दा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा आणि फिलिपिन्स या सहा देशांतल्या रोख मदतीच्या सात सरकारी योजनांची आकडेवारी पुन्हा तपासली. मदत मिळालेल्या घरांतल्या पुरुषांनी किंवा बायकांनी काम कमी केलं, असं एकाही देशात ठामपणे दिसलं नाही. पैसे हातात आल्यावरही माणसं दुसऱ्या दिवशी कामावर जात राहिली.