पॅट्रिकचे आईबाप येतात तेव्हा

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार, आधीच सांगतो.

दुपारी बहिणीकडे जेवायला गेलो होतो, आठदहा माणसं. भाचा चौथीत आहे, तो हॉलमध्ये टीव्हीवर स्पंजबॉबचं कार्टून बघत बसलेला आणि मी एवढा घोडा झालो तरी त्याच्या शेजारी मांडी घालून, कारण नेमका तो एपिसोड लागला होता, पॅट्रिकचे आईबाप येतात तो. ऐन रंगात आलेला आणि भावजींनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. वर सगळ्यांसमोर, "हे बघून बघूनच ढ झालाय. सांग मामाला, गणितात किती पडले ते सांग." पोरगं फरशीकडे बघत उभं. पाव्हणे हसले. अरे हसता काय! (भावजी फेसबुकवर नाहीत. असते तरी लिहिलं असतं.)

तर हा एपिसोड 2001 चा. पॅट्रिक म्हणजे दगडाखाली राहणारा गुलाबी तारामासा, स्पंजबॉबचा जिगरी. एरवी त्याच्या ढपणावर आपण पोट धरून हसतो, त्याला स्वतःलाही त्याचं काही नसतं. पण आईबाप येणार कळल्यावर त्याची जी तंतरते ना! ते मला मूर्ख समजतात म्हणतो. मग स्पंजबॉब म्हणतो, मी तुझ्याहून ढ असल्याचं नाटक करतो, आपोआप तू हुशार दिसशील. आणि करतो की. पण पॅट्रिकला ते इतकं चढतं की हे नाटक आहे हेच तो विसरतो आणि आईबापांच्या बरोबरीने मित्रालाच हसायला लागतो.

मला हे बघताना दरवेळी बाळ्या आठवतो.

1993, सातवीत होतो. बाबा मुंबईला नोकरीला, गणपतीला घरी आलेले. पहिल्या घटक चाचणीचे पेपर नुकतेच मिळालेले आणि मला गणितात वीसपैकी अकरा. शेजारच्या बाळ्याला एकोणीस. रात्री आरतीला बाळ्या झांजा वाजवायला आला, बाबांनी सहज विचारलं, तुला किती रे? मी मागे मखराच्या आड. बाळ्याने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "सात, काका."

आधी काही ठरलं नव्हतं आमचं. एका सेकंदात केलं त्याने ते.

बाबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू. माझ्या पाठीवर थाप. आत्या म्हणाली, अरे मग त्याला जरा शिकव. आणि मी शिकवला हो! ओटीवर बसून, सगळी माणसं ऐकतायत, बाळ्याला तेराचा पाढा. तेरा साती सत्त्याऐंशी, म्हटलं ठणकावून. बाळ्या माझ्यामागून तस्संच म्हणाला, तेरा साती सत्त्याऐंशी. हूं नाही की चूं नाही.

आता कोणीतरी कमेंटमध्ये तो अभ्यास टाकणारच, भावजींनी तर मघाशीच तोंडावर मारला. की 2011 साली अमेरिकेत 60 पोरांवर बघितलं, नऊ मिनिटं स्पंजबॉब दाखवला की त्यांचं लक्ष, धीर वगैरे लगेच कमी भरतं. असेल. पण ती पोरं चार वर्षांची होती आणि चॅनेलवाले सांगतात शो सहा ते अकराच्यांसाठी आहे. आणि चारचौघांत मार्क विचारले की पोराचं काय कमी होतं, ते मोजा ना एकदा.

बरं, तारामाशाला खरोखर मेंदू नसतो. थट्टा नाही, नसतोच. ज्याने हे कार्टून काढलं तो स्टीफन हिलेनबर्ग आधी समुद्रातल्या जीवांबद्दल शिकवणारा मास्तर होता, त्याला हे पक्कं माहीत असणार. म्हणजे ज्याला देवानेच डोकं दिलं नाही त्यालासुद्धा आईबापांसमोर हुशार दिसायचंय. यात हसण्यासारखं काय आहे? (आहे, थोडं आहे, मीही हसतो.)

म्हणून तर 2021 चा तो नवा पॅट्रिकचा शो माझ्या डोक्यात जातो. त्यात त्याला रेडीमेड गोड फॅमिली दिलीय, सेसिल बाप, बनी आई, धाकटी बहीण, आजोबा, सगळे एकापेक्षा एक येडे आणि आनंदी. पोरांना आवडतो, भाच्यालाही आवडतो, ठीक आहे. पण जुन्या एपिसोडच्या शेवटी काय होतं? घरात बसलेल्या त्या दोघांना अचानक आठवतं की आपल्याला मुलगाच नाही! ते त्याचे आईबाप नव्हतेच. खरे हर्ब आणि मार्जी दारात उगवतात नंतर, उशीर झाला म्हणत. गंमतच आहे ती, मान्य. पण मला दरवेळी घशात काहीतरी अडकतं. ज्यांच्यासाठी मित्राची अब्रू घालवली ते कोण होते? पाव्हणे.

मीही पाव्हण्यांसाठीच केलं. गौरीजेवणाच्या दिवशी घर भरलेलं, बाळ्या पाणी वाढत होता, आणि मुंबईच्या एका काकांना मी मोठ्यांदा म्हटलं, "त्याला हिशोब विचारू नका, ढ आहे तो." सगळे हसले. आज दुपारी हसले ना, अगदी तसेच. स्पंजबॉब तरी शेवटी भडकतो, आरडाओरडा करतो. बाळ्याने तांब्या खाली ठेवला आणि गेला. रात्री झांजा कोनाड्यात तशाच. विसर्जनालाही आला नाही.

शाळा सुरू झाल्यावर त्याने विज्ञानाची वही दिली नेहमीसारखी. मीही घेतली नेहमीसारखी. तीस वर्षांत हा विषय मी काढला नाही की त्याने.

भावजींवर चिडून लिहायला बसलो होतो, आता कोणावर चिडलोय कळत नाही. निघताना भाच्याला म्हटलं, मला अकरा पडले होते रे वीसपैकी. त्याने मान वर करून विचारलं, मग मार बसला? म्हटलं नाही, एकाने वाचवलं.

मघाशी त्या एपिसोडची लिंक बाळ्याला पाठवली. नुसती लिंक, खाली काही लिहायला सुचलं नाही. तासाभराने निळ्या टिका आल्या. मग बराच वेळ टायपिंग, टायपिंग.

"तेरा साती सत्त्याऐंशी."