किल्लारीचा प्रकल्प द्यायचा असेल, तर भिंतीपासून सुरुवात करा

३० सप्टेंबर जवळ आला की नववी-दहावीच्या मुलांना एक विषय हमखास दिला जातो : ‘किल्लारी भूकंप – कारणे, परिणाम व उपाय’. मुलं नेटवरून दोन पानं उतरवतात, पडक्या घरांचे फोटो चिकटवतात (त्यात भुजचे आणि नेपाळचेही सर्रास येतात), शेवटी ‘आपण सर्वांनी सावध राहिले पाहिजे’ असं लिहून वही जमा करतात. हजारो माणसं एका पहाटेत गेली, त्याचं हे असं करू नये, असं मला मनापासून वाटतं. यात मुलांचा दोष नाही. विषयच एवढा अघळपघळ दिल्यावर चौदा वर्षांचं पोर दुसरं काय करणार?

प्रश्न लहान द्या. चार मुलांचा गट, एक प्रश्न, सहा आठवडे. आणि सुरुवात दुःखापासून नको, घरापासून करा. १९९३ साली पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे घर पडलं, ते कशाचं होतं?

लातूर-धाराशिव पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मातीचा थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती पडायची, जुनी कुणी काढायचं नाही. त्यामुळे थर वाढत जायचा. आता हे वजन मुलांनाच काढू द्या. एक लिटरच्या मापात कोरडी माती ठोकून भरायची आणि काट्यावर ठेवायची. साधारण दीड ते पावणेदोन किलो भरते. इथे चूक एकच होते : माती सैल भरली की वजन बरंच कमी येतं, ओली घेतली की जास्त. एका घनफुटात सुमारे २८ लिटर, म्हणजे घनफुटाला ४५ किलो धरू. दहा बाय बाराची खोली, वर दीड फूट माती : १८० घनफूट, ८,१०० किलो. झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर आठ टन. हा आकडा मुलाने स्वतःच्या पेनाने लिहिला की पुढचं फार सांगावं लागत नाही. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून गाव नुकतंच झोपलं होतं, हे वाक्यही मग त्याला वेगळं ऐकू येतं. कुडाच्या, गवती छपराच्या झोपड्यांतली माणसं वाचली आणि वाड्यांतली गेली, हे कोडंही मुलं आपणहून सोडवतात.

दुसरा गट भिंत बांधेल. ३० सेंमी लांब, २५ सेंमी उंच, ७ सेंमी जाड, अशा दोन भिंती. दगड दोन-तीन सेंमीचे, शक्यतो फोडलेले. गोल गोटे घेऊ नका, ते कशानेही घसरतात. पहिली भिंत जुन्या पद्धतीची : बाहेरची ओळ, आतली ओळ आणि मध्ये खडी-मातीची भर. दुसरीत तीच माती, तेच दगड, पण उंचीत दर सहा सेंमीला आणि लांबीत दर बारा सेंमीला एकेक लांब दगड भिंतीच्या आरपार घालायचा. दगडी बांधकामाच्या भारतीय मानकात हे अंतर ६० सेंमी आणि १२० सेंमी आहे, त्याचा हा दहावा हिस्सा. भिंती सावलीत पाच-सहा दिवस वाळू द्या. घाई केली की ओल्या मातीची भिंत फक्त लवते, फुटत नाही, आणि प्रयोग फसला असं मुलांना वाटतं. मग दोन्ही भिंती एकाच प्लायवर ठेवा. प्लायखाली पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि पुढेमागे दोन-दोन सेंमीवर ठोकळे, म्हणजे धक्का दर वेळी तेवढाच बसेल. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. पहिल्या भिंतीला आधी मधोमध पोट सुटतं, बाहेरची ओळ सुटी होऊन पडते, मग आतली. दिसायला जाड, पण मुळात त्या दोन वेगळ्या भिंती होत्या. सिमेंट वापरायचा मोह मात्र टाळायला हवा, कारण मग दोन्ही भिंती उभ्याच राहतात.

तिसरा गट आकड्यांचा. मृतांची संख्या कुठे ७,९२८ मिळते, कुठे ९,७४८. भूकंपाचं माप कुठे ६.२, कुठे ६.४. ‘बरोबर कोणतं?’ असं मुलं लगेच विचारतात. उत्तर देऊन टाकू नका. माप वेगळं येतं, कारण मोजण्याच्या पट्ट्याच वेगळ्या आहेत. मृतांसाठी त्यांना जिल्हा ग्रंथालयात पाठवा, तिथे वर्तमानपत्रांच्या जुन्या फाइली असतील तर १ ते १० ऑक्टोबर १९९३ चे अंक काढायला सांगा. रोजचा आकडा आलेखावर मांडायचा. प्रत्येक नोंदीला तारीख, पान क्रमांक आणि आकडा कुणाच्या हवाल्याने दिलाय तेही लिहायचं. हे राहिलं तर गुण कापा, अगदी निर्दयपणे कापा. फोटो फ्लॅश न लावता घ्यायचे, जुना कागद ठिसूळ असतो.

हुशार गट असेल तर कोयना द्या. ११ डिसेंबर १९६७, वेळ पहाटेचीच, भूकंपही जवळपास तेवढाच मोठा. तिथे मृत्यू दोनशेच्या आसपास, इथे हजारोंत. का? छप्पर, वस्तीची दाटी, गावांची ठेवण, सगळं तपासावं लागतं. दुसरा चांगला प्रश्न नकाशाचा. १९९३ मध्ये हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. २००२ मध्ये पहिला विभागच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. ‘तेव्हा कुणाला काय माहीत होतं?’ एवढाच प्रश्न द्या, दोषी शोधायला सांगू नका.

नव्या गावठाणांजवळच्या शाळांना तर टेप घेऊन बाहेरच पडता येतं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची. भूमिहीनाला सर्वांत लहान. मूळ घर कुठे संपतं, पुढची खोली कशाने वाढवलीय, तिला काँक्रीटचा पट्टा आहे की नुसत्या विटा, हे दहा घरांत मोजून लिहायचं. अर्थात घरमालकाला विचारूनच.

आणि माणसांच्या मुलाखती? त्या सगळ्यात शेवटी, पाचव्या आठवड्यात. बहुतेक शाळा नेमकं उलटं करतात. काहीच ठाऊक नसलेली आठ मुलं ३० सप्टेंबरलाच एखाद्या आजींच्या दारात उभी करतात, मोबाइल पुढे धरून विचारायला लावतात : ‘तुमच्या घरातले किती गेले?’ हे कृपया थांबवा. दोनच मुलं, सोबत शिक्षक, आदल्या आठवड्यात परवानगी घेऊन, त्या तारखेपासून दूरच्या दिवशी. पाऊण तासापेक्षा जास्त नको. चित्रीकरण नको, वहीत टिपण पुरे, नाव लिहायचं नाही. पहिला प्रश्न घराचा : ‘आजी, तुमचं घर किती खणांचं होतं? कुणी बांधलं होतं? माळवदावर माती कोण टाकायचं?’ घराबद्दल बोलता बोलता त्यांना जे सांगायचं असेल ते त्या सांगतील. नाही सांगितलं तर नाही. रडू आलं तर वही मिटून शेजारी बसून राहायचं, हे मुलांना आधी वर्गात शिकवून ठेवा. वर्गात कुणाच्या घरचं कुणी गेलं असेल, तर त्या मुलाला गट निवडू द्या, आणि कारण चारचौघांत विचारू नका.

मुलांच्या वयाचा एक धागाही आहे. भारतीय जैन संघटनेने तेव्हा भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. गाव सोडून वसतिगृहात राहायला गेलेल्या त्या मुलांना कोणत्या अडचणी आल्या असतील, हे पंधरा वर्षांचं मूल आपल्यापेक्षा नेमकं विचारू शकतं.

वेळापत्रक जुलैत सुरू करा, म्हणजे भिंती पावसाच्या ओलीत वाळायला चार दिवस जास्त लागले तरी चालतं. अहवाल दहा पानांचा, त्यातलं शेवटचं पान ‘आम्हाला काय सापडलं नाही’ यासाठी राखीव. एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, एक पुढच्या वर्षीच्या गटासाठी. त्यांनी त्या शेवटच्या पानापासून सुरुवात करायची.