पगार तिप्पट होणार म्हणे! आठव्या वेतन आयोगाच्या फॉरवर्डला उत्तर

गावच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच मजकूर फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच. आठव्या वेतन आयोगात सरकारी नोकरांचा किमान पगार १८,००० वरून थेट ५१,४८० होणार, म्हणजे जवळजवळ तिप्पट. वर दर सहा महिन्यांनी डीए, म्हणजे महागाई भत्ता, आहेच. खासगीतला माणूस आठ-दहा हजारांत राबतोय. सीमेवरचा जवान तुटपुंज्या पगारात आणि बाबू एसीत. देशाची तिजोरी या सरकारी जावयांपायी रिकामी होणार, आणि कोणी विचारच करत नाही. आणि १९७० पासून गव्हाचा भाव १९ पट वाढला, तेवढ्यात यांचे पगार १२० ते १५० पट. खाली हात जोडलेले इमोजी आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला सगळं पटलं नाही म्हणून पुढे पाठवलं नाही. पण सगळंच खोटंही नाही, त्यामुळे नुसतं 'फेक आहे' म्हणून झटकूनही चालणार नाही.

आधी तो ५१,४८०. हा आकडा कुठल्याही सरकारी कागदावर नाही. १८,००० ला २.८६ ने गुणलं की तो येतो, आणि २.८६ हा फिटमेंट फॅक्टर, म्हणजे जुन्या बेसिकला (मूळ पगाराला) ज्याने गुणून नवं काढतात तो आकडा, कर्मचारी संघटनांच्या नेत्यांनी मागणी म्हणून मांडलेला आहे. आयोग नेमायला केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ जानेवारी २०२५ ला मंजुरी दिली, आणि त्याची कार्यकक्षा ठरायला २८ ऑक्टोबर २०२५ उजाडला. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई, ज्या आधी मुंबई उच्च न्यायालयात होत्या. अहवालाला मुदत अठरा महिन्यांची, म्हणजे २०२७ उजाडणार. मागणी करणाऱ्याने चढा आकडा सांगायचाच असतो, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते मागणीला निर्णय म्हणून खपवणाऱ्यांचं.

बरं, २.८६ सोडा. फॅक्टर कितीही ठरला तरी तेवढ्या पटीने पगार वाढत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट फॉरवर्डवाले सांगत नाहीत. सातव्या आयोगाचं उदाहरण समोर आहे. किमान पगार ७,००० चा १८,००० झाला, २.५७ पट. तेव्हाही 'अडीच पट पगार' म्हणून बोंबाबोंब झाली होती. पण १ जानेवारी २०१६ ला डीएचा हिशेब १२५ टक्क्यांवर पोचला होता. म्हणजे ७,००० बेसिकवाल्याला जुन्याच पद्धतीने १५,७५० मिळणार होते. नव्या पगारात तो सगळा डीए मुरवला गेला आणि डीए पुन्हा शून्यावर आला. १५,७५० चे १८,०००, म्हणजे खरी वाढ १४.३ टक्क्यांची. तीही दहा वर्षांनी. सहाव्या आयोगाने ५४ टक्के दिली होती, पाचव्याने ३१. सातव्याइतकी कमी वाढ शोधायची तर थेट दुसऱ्या आयोगापर्यंत मागे जावं लागतं.

आता हेच गणित २०२५ च्या आकड्यांवर मांडा. जुलै २०२५ पासून डीए ५८ टक्के होता. १८,००० बेसिकवाल्याला डीए धरून २८,४४० मिळत होते. सातव्या आयोगाचीच फूटपट्टी लावली तर नवा किमान पगार ३२,५०० च्या आसपास येतो आणि फॅक्टर १.८ च्या घरात. ५१,४८० व्हायचे तर खरी वाढ ८१ टक्के द्यावी लागेल. एवढी वाढ आजवर एकाही आयोगाने दिलेली नाही. आयोग १.८ च्या वर जाईल की खाली राहील हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुकानदाराने 'खास तुमच्यासाठी सूट' म्हणून जुनीच किंमत नव्या स्टिकरवर छापावी, तसा हा तिप्पटीचा प्रकार आहे.

मुंबईत २०२५ साली लागलेल्या एखाद्या एमटीएसची, म्हणजे सगळ्यात खालच्या लेव्हल एकच्या माणसाची त्या वर्षअखेरची पगार स्लिप उघडून बघा. बेसिक १८,०००. डीए १०,४४०. एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, ३० टक्क्यांनी ५,४००. प्रवास भत्ता डीएसकट २,१३३. एकूण ३५,९७३. यातून एनपीएसचे (पेन्शन योजनेचे) २,८४४, सीजीएचएसचे (आरोग्य योजनेचे) २५०, व्यवसाय कर २००, गटविम्याचे ३० कापले जातात. हातात ३२,६४९. मुंबईत विरार नाहीतर बदलापूरला वन रूम किचन भाड्याने घेऊन, लोकलचा पास काढून या पैशांत घर चालवून दाखवा आणि मग 'जावई' म्हणा. नवं बेसिक लागलं की एचआरएचा टक्काही खाली उतरू शकतो, सातव्यात तो ३० चा २४ झाला. शिवाय गेल्या वेळी नवे भत्ते जुलै २०१७ पासून मिळाले आणि मधल्या अठरा महिन्यांच्या भत्त्यांची थकबाकी मिळालीच नाही. हे कुठल्याच ग्रुपवर आलं नव्हतं.

डीएला पगारवाढ म्हणणं हा तर कहर आहे. कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची बारा महिन्यांची सरासरी काढून तो ठरतो, म्हणजे भाव आधी चढतात आणि भत्ता मागून येतो. कोविडमध्ये जानेवारी २०२०, जुलै २०२० आणि जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठवले, त्यात सरकारचे ३४,४०२ कोटी वाचले आणि ते परत दिले नाहीत. त्या काळात ड्युटीवर असलेल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सचाही हप्ता त्यात गेला.

खासगीतल्या आठ-दहा हजारांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. खरं तर हा मुद्दा सरकारी पुराव्याने सिद्ध होतो, आणि पाठवणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही. सातव्या आयोगाने आयआयएम अहमदाबादकडून पाहणी करून घेतली होती. सरकारमधल्या सगळ्यात खालच्या मदतनिसाला २२,५७९ रुपये पडतात आणि तशाच कामाला खासगीत ८,००० ते ९,५०० मिळतात, असं त्यात निघालं. दुपटीहून जास्त. कर्मचारी संघटना हा आकडा सहसा तोंडातून काढत नाहीत.

पण याचा अर्थ काय लावायचा? सरकारचा किमान पगार हवेतून येत नाही. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेत ठरलेलं सूत्र आहे, आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या आहारमानावर बेतलेलं: कमावता माणूस, बायको आणि दोन मुलं मिळून तीन एकक (बायको-मुलांचा वाटा कमी धरून), प्रत्येकी २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, वर भाडं, इंधन, दिवाबत्ती. १८,००० चा आकडा याच सूत्राच्या आधारे काढलेला. म्हणजे खासगीतला नऊ हजारवाला माणूस २०१५ साली जगण्याच्या किमान खर्चाच्या अर्ध्यावर काम करत होता. यात चोरी कोणाची? शिपायाची नक्कीच नाही. आणि वर चढत गेलं की चित्र उलटं होतं. कॅबिनेट सेक्रेटरी, म्हणजे देशातला सर्वोच्च नोकरशहा, महिना अडीच लाख बेसिकवर. एवढं पॅकेज हिंजवडीत कोणाकोणाला आहे हे आपल्याच बॅचच्या ग्रुपवर विचारून बघा.

शिवाय सरकारी कार्यालयातही आता सगळे 'सरकारी' नाहीत. एकाच वॉर्डमध्ये, एकाच कॉम्प्युटरवर काम करणारे दोघे: एकाला पे मॅट्रिक्सचा, म्हणजे सरकारी वेतनश्रेणीचा पगार, दुसरा एजन्सीचा. वेतन आयोग त्या दुसऱ्याकडे बघतही नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला होता. पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्येच पंजाबच्या एका खटल्यात सांगितलंय. केंद्रात १ मार्च २०२१ ला मंजूर ४०.३५ लाख पदांपैकी ९.७९ लाख रिकामी होती, हे संसदेत दिलेलं उत्तर आहे. जावयांची पंगत मोजताना ही रिकामी पानंही मोजा.

आता जवान. बाबूचा पगार कापला की जवानाला मिळेल, असा या फॉरवर्डचा सूर. पण केंद्रात कारकून आणि जवान दोघांचा पगार एकच आयोग ठरवतो, आयोग लांबला तर दोघांचंही लांबतं. सैन्यातला नियमित शिपाई लेव्हल तीनवर, बेसिक २१,७०० पासून. वर मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, जो सिव्हिलियनला मिळत नाही. दोन्हींवर डीए. ५८ टक्क्यांनी हिशेब केला तर ४२,५०२, इतर भत्ते वेगळे. सियाचीनला असेल तर जवानाला महिना ३०,००० आणि अधिकाऱ्याला ४२,५०० भत्ता, असं २०१७ मध्ये ठरलं होतं. सैन्याच्या तक्रारी नाहीत असं अजिबात नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये तिन्ही दलप्रमुखांनी त्रुटी दूर होईपर्यंत सातवा आयोग लागू करणं थांबवलं होतं, अशी वेळ क्वचितच येते. तेव्हा संरक्षणमंत्री होते गोव्याचे मनोहर पर्रीकर. अधिकाऱ्याला सर्व्हिस पे १५,५०० आणि जवानाला ५,२०० का, गोळी काय रँक बघून येते, हा प्रश्न माजी सैनिक आजही विचारतात. रास्त प्रश्न आहे. पण तो सैन्याच्या आतला आहे, बाबूने जवानाच्या ताटातलं पळवल्याचा नाही.

ज्याला खरंच कमी मिळतं तो जवान फॉरवर्डमध्ये दिसत नाही. अग्निवीराला, म्हणजे चार वर्षांच्या बोलीवर घेतलेल्या जवानाला, पहिल्या वर्षी ३०,००० चं पॅकेज, त्यातले ९,००० सेवानिधी या बचतनिधीला, हातात २१,०००. डीए नाही. मिलिटरी सर्व्हिस पे नाही. चार वर्षांनी सुमारे पावणेबारा लाख घेऊन चारातले तीन घरी, पेन्शनशिवाय. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथे घरटी एक माणूस फौजेत, तिथे फौजेतल्या चाकरीचा पगारापेक्षा मोठा आधार पेन्शनचा असतो. आणि सीआरपीएफ, बीएसएफ? त्यांनाही आपण जवानच म्हणतो, पण त्यांना सर्व्हिस पे नाही, आणि २००४ नंतर भरती झालेल्यांना जुनी पेन्शनही नाही.

तिजोरीचं म्हणाल तर एकाच मजकुरात 'तिजोरी लुटली' आणि 'जवानाला द्या' हे दोन्ही बसत नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राचा पेन्शनखर्च २.७६ लाख कोटी (रेल्वेचा वेगळा), त्यातले १.६० लाख कोटी संरक्षण दलांच्या पेन्शनचे. निम्म्याहून जास्त. मग कापायचं कुठून, हे पाठवणाऱ्याने सांगावं. सातव्या आयोगाचा वाढीव बोजा १,०२,१०० कोटी होता, जीडीपीच्या ०.६५ टक्के. रक्कम मोठी आहे, नाही कोण म्हणतं? पण त्यानंतर केंद्र दिवाळखोर झालं नाही. २०२५-२६ मध्ये ५०.६५ लाख कोटींच्या खर्चात १२.७६ लाख कोटी नुसतं व्याज आहे.

राज्यांची गोष्ट वेगळी, तिथे मात्र ओढाताण खरी आहे. महाराष्ट्राने सातवा आयोग प्रत्यक्षात जानेवारी २०१९ पासून दिला आणि मागची तीन वर्षांची थकबाकी पाच हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत टाकली. आठव्या आयोगाच्या कार्यकक्षेत राज्यांच्या तिजोरीवरचा परिणाम, विकासकामांना उरणारा पैसा, खासगीतलं वेतनमान हे सगळं बघायला सांगितलंय. 'कोणी विचारच करत नाही' हे म्हणून खरं नाही. जाता जाता: मार्च २०२५ मध्ये खासदारांचा पगार एक लाखाचा १.२४ लाख झाला, तोही एप्रिल २०२३ पासूनच्या थकबाकीसह. त्यावरचा फॉरवर्ड मला आला नाही.

राहिला गहू. १९७० चा ७६ रुपये क्विंटल आणि २०१५-१६ चा हमीभाव १,४५०. १९ पट, बरोबर. पगाराचे १५० पट मात्र खालच्या माणसाचे नव्हेत: १९७३ च्या तिसऱ्या आयोगानंतर किमान पगार १९६ रुपये होता, त्याचे १८,००० झाले म्हणजे ९२ पट. तरी फरक प्रचंड आहे आणि शेतकऱ्याचा राग शंभर टक्के खरा आहे. पण तो चुकीच्या दारात नेऊन सोडला जातोय. मराठवाड्यातल्या सोयाबीनला २०२४ च्या हंगामात ४,८९२ चा हमीभाव असून बाजारात चार हजारांच्या आसपास दर मिळाला, कारण खरेदी केंद्रं अपुरी. पुढे मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० चं १० टक्के केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, यवतमाळचा कापूस बोंडात असताना, कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कही वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं. या फायलींवर सही करणाऱ्यांत मंत्रालयातला शिपाई नव्हता.