‘मोठ्या बाई’ या लेखावरील एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्या माध्यमिक शाळेत मी २६ वर्षे शिकवले आणि पुढे तीन वर्षे मुख्याध्यापिका होते, त्याच शाळेत संस्थेने एका पत्राद्वारे मला पुन्हा सहायक शिक्षिका केले. मी शाळा न्यायाधिकरणाकडे अपील केले, ते दोन वर्षांनी मंजूर झाले आणि निवृत्तीपूर्वीचे शेवटचे आठ महिने मी पुन्हा त्या पदावर काढले.

आपले आक्षेप मी असे समजले: पगारात फारसा फरक पडला नसताना मी त्याला आघात म्हणणे अतिशयोक्त आहे, पत्रात ‘मूळ पदावर’ असे शब्द असल्यामुळे ती शिक्षा ठरत नाही, अपील मी तांत्रिक मुद्द्यावर जिंकले, पद कोणाच्याही मालकीचे नसते, गावस्करांचे कर्णधारपद गेले आणि मुख्यमंत्र्यांचे उपमुख्यमंत्री झाले तरी त्यांनी काम सोडले नाही, आणि शेवटी, मी खुर्चीवर असताना कोणालाच खाली उतरवले नाही का. आपण पुण्यातील एका खासगी कंपनीत १८ जणांचा गट सांभाळता आणि पुढील महिन्यात त्यांतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडून गटप्रमुखपद काढून घ्यायचे आहे, असेही आपण ओघात लिहिले आहे. मला ते वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि त्याच्याकडे मी शेवटी येते.

पगाराबाबत आपले म्हणणे मान्य आहे. आमच्याकडे पात्र शिक्षकांना १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड वेतनश्रेणी मिळते, त्यामुळे जुन्या शिक्षकाच्या आणि मुख्याध्यापकाच्या पगारात म्हणावे तेवढे अंतर उरत नाही. माझ्या घरचा खर्च त्या दोन वर्षांत एका पैशानेही अडला नाही. पण पगाराची स्लिप महिन्यातून एकदा हाती येते आणि शाळेत रोज जावे लागते. आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर आजवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांचा लाकडी फलक आहे; प्रत्येक नावापुढे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन रकाने आहेत. माझ्या नावापुढचा ‘पर्यंत’चा रकाना भरायला पेंटर आला, तेव्हा मी पाचव्या तासाला आठवी ‘ब’च्या वर्गाकडे निघाले होते. कार्यालयातून त्याला दिलेल्या चिठ्ठीवरचा आकडा त्याला लागेना, म्हणून समोरून येणाऱ्या बाईंना, म्हणजे मलाच, त्याने ती चिठ्ठी दाखवून विचारले की हा चार आहे की नऊ. चार आहे, असे मी सांगितले आणि वर्गात जाऊन फळ्यावर तारीख लिहिली, तर तिथेही तोच चार होता.

मुलींचे मला फार वाईट वाटत असे. ‘मोठ्या’ एवढे तोंडातून निघून जाई, मग त्या थांबत आणि नुसतेच ‘बाई’ म्हणत. त्यांना कोणी काही सांगितलेले नव्हते आणि मी त्यांना काय सांगणार? बडतर्फ झालेला माणूस निदान फाटकाबाहेर जातो. त्याला ओळखणाऱ्यांना रोज तोंड दाखवावे लागत नाही. पदावनत झालेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मस्टरवर सही करायला येतो, ज्यांच्या रजा काल त्याने मंजूर केल्या त्यांच्या शेजारी स्टाफरूममध्ये डबा उघडतो, आणि प्रत्येक जण आपल्याविषयी काहीतरी जाणतो, फक्त आपल्यालाच ते माहीत नाही, अशा समजुतीत दिवस काढतो.

आता ‘मूळ पदावर’ या शब्दांविषयी. आमच्या खात्यात याला सगळे ‘रिव्हर्शन’ म्हणतात, आणि हा शब्द मवाळ असल्यामुळेच तो इतका सोयीचा झाला आहे. सरकारी नोकरांना संरक्षण देणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद ३११ मध्ये बडतर्फी, सेवेतून काढणे आणि पदावनती या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. यांपैकी काहीही करायचे असेल, तर आरोप कळवून, चौकशी करून आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊनच करावे, असा त्याचा आशय आहे. रेल्वेतील पुरुषोत्तम लाल धिंग्रा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली जो निकाल दिला, तो आपल्या मुद्द्याला नेमका लागू पडतो. धिंग्रा वरच्या वर्गातील पदावर स्थानापन्न, म्हणजे तात्पुरते, म्हणून काम पाहत होते, त्यांना तिथून परत पाठवले गेले आणि त्यांचे अपील फेटाळले गेले, कारण त्या पदावर त्यांचा हक्कच निर्माण झालेला नव्हता. म्हणजे इथवर आपलेच म्हणणे बरोबर ठरते. पण त्याच निकालात न्यायालयाने असेही सांगितले की, आदेशात कोणते शब्द वापरले आहेत यावर सगळे ठरत नाही. माणसाचा त्या पदावर हक्क होता का आणि आदेशामुळे त्याचे वेतन, ज्येष्ठता किंवा पुढील बढतीची संधी यांना धक्का लागला का, हे पाहावे लागते. मी प्रभारी नव्हते. माझ्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता होती. ‘प्रशासकीय कारणास्तव मूळ पदावर’ या चार शब्दांनी तो हक्क पुसला जात नाही.

अनुच्छेद ३११ खासगी शाळेतील शिक्षकांना लागू नाही, हे मला ठाऊक आहे. आम्हाला संरक्षण आहे ते राज्याच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी अधिनियमाचे आणि १९८१ च्या नियमावलीचे. त्या नियमावलीत पदावनती ही मोठी शिक्षा म्हणून सेवासमाप्तीच्या जोडीला बसवली आहे. मुख्याध्यापकाविरुद्ध चौकशी असेल, तर समितीवर संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापकाने सुचवलेला कोणत्याही खासगी शाळेतील एक कर्मचारी आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला एक मुख्याध्यापक, असे तिघे असतात. आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते. एवढेच कशाला, सेवाज्येष्ठ शिक्षकाला मुख्याध्यापकपद नकोच असेल, तर तो हक्क सोडत असल्याचेही लिहून घ्यावे लागते. माझ्या बाबतीत आरोपपत्र नव्हते, समिती नव्हती, सुनावणी नव्हती. सहीशिक्क्याचे एक पत्र आणि ‘किल्ल्या लिपिकाकडे द्याव्यात’ हा तोंडी निरोप, एवढेच होते.

म्हणूनच ‘तांत्रिक मुद्द्यावर जिंकलात’ हे आपले वाक्य मला खोडायचे नाही. न्यायाधिकरणाने मी उत्तम मुख्याध्यापिका होते असे कुठेही म्हटलेले नाही. चौकशी झाली नाही म्हणून आदेश रद्द केला, एवढेच म्हटले. पण आपण ज्याला तांत्रिक म्हणता, त्याचा माझ्या आयुष्यातला अर्थ असा की, माझे काय चुकले हे मला आजही माहीत नाही. दहावीचा निकाल त्या वर्षी उतरला होता, ते कारण असेल का? एका पालकाशी मी वर्गणीवरून कडक बोलले होते, ते असेल का? मी दोन वर्षे रात्री अंथरुणावर पडल्यावर एकेक प्रसंग उकरून काढला आणि प्रत्येक प्रसंगात मला स्वतःची थोडीफार चूक सापडली. संस्थेने एक आरोप लेखी ठेवला असता, तर तो मी नाकारला असता किंवा कबूल केला असता. दोन्हींपैकी काहीही केल्यावर झोप लागली असती. कबुली देऊन पद सोडण्याची वेळ आली असती, तरी आजच्याइतके मन खात नसते, असे मी पूर्ण विचाराने लिहीत आहे.

गावस्करांचे उदाहरण आपण दिलेत ते मला आवडले, कारण माझ्या वडिलांमुळे ते सामने आमच्या घरी देवपूजेसारखे ऐकले जात. पाकिस्तानात मालिका हरल्यावर कर्णधारपद कपिल देव यांच्याकडे गेले, आणि त्यांच्याच हाताखाली खेळताना १९८३ च्या डिसेंबरमध्ये मद्रासला गावस्करांनी वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद २३६ धावा केल्या. पण कर्णधारपद मुळातच एकेका मालिकेपुरते दिले जाते, पराभव सगळ्या देशाने पाहिलेला असतो आणि नंतरच्या धावाही सगळा देशच पाहतो. राजकारणातही तसेच आहे. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री राहून पुढे १९७८ साली शरद पवार यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. २०२२ साली देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये एकनाथ शिंदे. त्यांना ते सोपे गेले असेल असे मी म्हणत नाही. मात्र आमदारांचे गणित आणि पक्षांतील बोलणी वर्तमानपत्रांत रोज छापून येत होती, आणि शपथ त्यांनी स्वतःच्या तोंडाने घेतली. आठवी ‘ब’च्या वर्गात मी चांगली शिकवते की वाईट, हे बघायला कोणी येणार नव्हते, आणि माझ्याकडून कोणी होकारही घेतला नव्हता.

आपला शेवटचा प्रश्न मला टोचला आणि तो टोचायलाच हवा होता. होय, मीही एकाला खाली उतरवले आहे. परीक्षा विभाग सांभाळणारे एक शिक्षक होते. दोन सत्रांत प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांची मोजणी चुकली आणि मी व्हरांड्यात उभ्या उभ्या त्यांना सांगितले की उद्यापासून कपाटाची किल्ली दुसऱ्या बाईंकडे द्या. ते काम काढून घेण्याचा माझा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. मोजणी चुकली म्हणून काढून घेत आहे, एवढे वाक्य मात्र मी बोलले नाही, कारण ते बोलणे मला अवघड वाटत होते. त्यांनी पुढे वर्षभर असे धरून चालले की मला त्यांच्या प्रामाणिकपणाचा संशय आहे. माझी स्वतःची पाळी आल्यावर मी त्यांना हे सांगायला गेले, तेव्हा त्यांनीच मला ते ऐकवले.

आपल्या कंपनीत पद एका ईमेलने बदलते आणि कोणाला अपील नसते, असे आपण लिहिता. कायदा आपल्याला अडवत नसेल, तर सगळा भार आपल्या एकट्यावर आहे, एवढाच त्याचा अर्थ मला कळतो. आपला निर्णय योग्य असू शकतो. त्या सहकाऱ्याला गट सांभाळणे जमत नसेल, तर गटातल्या इतर माणसांचाही विचार करायला हवा. पण तो ईमेल सर्वांना जाण्याआधी त्यांना समोर बसवून काय जमले नाही ते तारीखवार सांगा, तेच दोन परिच्छेदांत लिहून द्या, आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत, निदान आठवडाभर, थांबा. त्यांच्या जागी कोण येणार हे त्यांना दुसऱ्याकडून कळू देऊ नका. त्यांचे टेबल हलवायचे असेल, तर कोणत्या दिवशी हलवायचे हे त्यांनाच विचारा.