राजकोटचा गोल

14 ऑक्टोबर 2025 ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर फुटबॉलमध्ये भारत सिंगापूरकडून 1-2 हरला, 2027 च्या आशिया चषकाचं दार बंद झालं आणि आमच्या शाळेच्या ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला. परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या पोरांना संघात घ्यायचं की नाही? मी इंग्लंडात राहतो, म्हणून नाशिकच्या मित्राने मला चिमटा काढला: "तुमच्या इंग्लंडचा पहिलाच गोल राजकोटमध्ये जन्मलेल्या माणसाने मारलाय. त्यांना चालतं, मग आपल्याला का नाही?"

माहिती खरी आहे. विल्यम केन्यन-स्लेनी, जन्म 1847, राजकोट. वडील मुंबई फौजेच्या घोडदळात. 1872 मध्ये ग्लासगोत इंग्लंडचा स्कॉटलंडविरुद्धचा पहिला अधिकृत सामना गोलाविनाच सुटला होता. 8 मार्च 1873 ला लंडनच्या ओव्हलवर (हो, क्रिकेटचंच ओव्हल) इंग्लंड 4-2 जिंकलं. सुरुवातीलाच पहिला गोल याचा, पुढे आणखी एक. देशासाठी तो तेवढा एकच सामना खेळला. त्याच महिन्यात वाँडरर्स क्लबकडून एफए कप ही इंग्लंडमधल्या क्लबांची स्पर्धाही जिंकला. पुढे इजिप्तच्या लढाईत गेला आणि 1886 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1908 पर्यंत, श्रॉपशर परगण्यातून खासदार होता. फुटबॉल खेळायचे पैसे घेणं इंग्लंडमध्ये 1885 पर्यंत नियमबाह्यच होतं, पण ईटनसारखी बड्यांची शाळा, ऑक्सफर्ड आणि घरची जमीन असलेल्याला त्याची फिकीर कशाला?

मित्राचा मुद्दा मात्र इथेच घसरतो. राजकोट हे केन्यन-स्लेनीच्या बापाच्या नोकरीचं ठिकाण होतं. तो 'बाहेरचा' आहे का, हा प्रश्नच कुणाला पडला नाही, कारण राज्यच त्यांचं होतं. भारतातच जन्मलेला विल्यम लिंडसे तर आधी स्कॉटलंडकडून अनधिकृत सामने खेळला आणि 1877 मध्ये इंग्लंडकडून! साहेबांना कुंपणं नव्हती. त्यांचं उदाहरण देऊन आपण सवलत मागणं मला तरी पटत नाही.

आपल्याकडे 2008 पासून नियम सरळ आहे: भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळायचं. दुहेरी नागरिकत्व आपण देत नाही. पुणे एफसीकडून खेळणाऱ्या इझुमी अराताने जपानी नागरिकत्व सोडलं आणि 2013 मध्ये भारताची जर्सी घातली. 2025 मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं सोडलं. म्हणजे वाट आहे, फक्त फुकटची नाही. मुळात गावोगावी मैदानं आणि लहान मुलांच्या स्पर्धा नसताना आयात करून किती गोल होणार, हेही कुणी ग्रुपवर बोलत नाही.

अनिवासी मंडळींना माझं मत कडू लागतं. इथल्या मंडळाच्या गणपतीत एकाने सुनावलंच, "अरे, तुझाच पोरगा खेळतो ना?" खेळतो. दर रविवारी, चिखलात, डाव्या बगलेवरून. चांगला खेळतो, बापाला वाटतं तितका नसेल. उद्या त्याच्यासाठी नियम वाकवा म्हणायचं, तर मी माझा निळा भारतीय पासपोर्ट उच्चायुक्तालयात का जमा केला, तेही सांगावं लागेल. युरोपात जायचं की दर वेळी व्हिसाची रांग असायची, आणि मला कंटाळा आला होता.