बटण दाबा, आवाज ऐका (जमलं तर)

स्पीकरच्या दुकानात ज्या बोर्डवर "बटण दाबा आणि आवाज ऐका" असं लिहिलेलं असतं ना, त्याच्या पुढे उभा राहणारा माणूस सुखी असतो, आणि मागे दुरुस्तीला मी असतो. पुढून सगळं चकाचक, स्पीकरच्या सात जोड्या, खाली सात बटणं. मागचं झाकण काढलं की वायरच वायर आणि सगळ्या लाल! ज्याने कोणी हे बनवलं त्याच्याकडे त्या दिवशी लाल वायरचं एकच बंडल असणार, डायग्राम त्याच्या डोक्यात होता आणि डोकं तो जाताना बरोबर घेऊन गेला.

पहिली तक्रार म्हणजे १ नंबर दाबला की ७ वाजतो, २ दाबला की ६, ३ दाबला की ५. एकटा ४ नंबर तेवढा शहाण्यासारखा वागतो, त्यामुळे "बाकीचे खराब आहेत, हाच चांगला आहे" असा सगळ्यांचा समज झालेला. आता वायरिंग करणारा बसला होता मागे, त्याने त्याच्या डावीकडून मोजलं, स्टिकर लावणारा उभा होता पुढे, त्याने त्याच्या डावीकडून मोजलं, म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर, कोणाला बोलणार? मी सोल्डरिंग गन गरम न करता बटणांचे नंबर उपटले आणि उलटे चिकटवले. आता बटणं उजवीकडून वाचायची, काय बिघडतं.

खरा छळ पुढचा होता. बोर्ड चालू केला की आधी एक बाई बोलायची, "आता आपण ऐकणार आहोत" वगैरे, ते अगदी खणखणीत. आणि गाणं सुरू झालं, वाद्यं जरा डावी-उजवी पसरली, की आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरवर लाल दिवा, प्रोटेक्ट, म्हणजे जळू नये म्हणून त्याने स्वतःच आवाज बंद केला, बोर्ड गप्प. बंद करून परत चालू केला की बाई परत तयार.

यावर सल्ले सुरू. लूज असेल. अर्थिंग बघितलं का. एकाने बोर्डच्या पाठीत थाप मारली, त्यानंतर बाई नीट बोलली, मग तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, विजयी चेहऱ्याने.

मी मीटर काढला. कंटिन्युइटीवर, म्हणजे वायर अखंड असली की बीप करतो त्या सेटिंगवर, ठेवून शॉर्ट शोधायला लागलो तर कुठेही लावा, बीप. या वायरपासून त्या वायरपर्यंत बीप, जिचा काही संबंध नाही तिथेही बीप. कारण स्पीकर जोडलेले असताना मीटरला स्पीकरची कॉइलसुद्धा अखंड वायरच वाटते, ४ ओहमचा स्पीकर मीटरवर जेमतेम साडेतीन दाखवतो, एवढ्याशा रेझिस्टन्सला मीटर बिनधास्त ओरडतो. म्हणजे आधी चौदा स्पीकरची एकेक वायर काढा, आणि सगळ्या लाल असल्यामुळे प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी बांधा. थोड्या वेळाने बोर्डचा मागचा भाग नवस फेडलेल्या झाडासारखा दिसायला लागला.

आणि मग सापडलं. जुना अँप गेला म्हणून कोणीतरी नवा बसवला होता. जुन्यात डाव्या आणि उजव्या चॅनलचं मायनस आतून एकच, ग्राउंड, म्हणून पहिल्या कारागिराने बाहेरही दोन्ही मायनस एका जंपरने, म्हणजे वायरच्या छोट्या तुकड्याने, जोडले, त्याचं काही चुकलं नाही. पण नवा अँप ब्रिज आउटपुटवाला, त्यात मायनस नावालाच मायनस, तिथूनही आवाज येतो, प्लसच्या उलटा. दोन चॅनलचे असे दोन जिवंत मायनस एकमेकांना जोडले तर काय होणार. बाईचं रेकॉर्डिंग मोनो, दोन्हीकडे सेम सिग्नल, त्यामुळे जंपरमधून करंट जायचं काही कारणच नाही. गाणं स्टीरिओ, डावीकडे वेगळं उजवीकडे वेगळं, की दोन्ही चॅनल जंपरमधून भांडायला लागायचे आणि अँप स्वतःचा जीव वाचवायला गप्प बसायचा.

उपाय म्हणजे बोटभर लांबीची वायर कापली. डाव्यांचा मायनस वेगळा, उजव्यांचा वेगळा, प्लस बटणावरून, झालं. एवढा वेळ आत डोकं घालून शेवटी काय केलं तर एक वायर कमी केली, हे लोकांना सांगताना फार कसंतरी होतं, काहीतरी नवीन बसवलं असतं तर जरा भाव तरी मिळाला असता.

मग ७ नंबर, सगळ्यात महागडी जोडी, आणि वाजते डबा. बेसच नाही. १.५ व्होल्टचा सेल दोन्हींना एकेक करून टेकवला, एका स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला, म्हणजे एकाची वायर उलटी. एक हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, बेस मध्येच खलास. किती लोकांनी ही जोडी ऐकून नाक मुरडलं असेल आणि स्वस्तातली घेऊन गेले असतील, देव जाणे.

राहता राहिली पब्लिक. एक बटण दाबून ऐकावं ही आपली अपेक्षा, पण लहान मुलं दोन्ही तळहात वापरतात आणि मोठी माणसं मूल बघत नाही ना हे पाहून तेच करतात. ४ ओहमच्या दोन जोड्या एकदम लागल्या की प्रत्येक चॅनलवर २ ओहम, तीन लागल्या तर त्याहून कमी, आणि ओहम जितके कमी तितका अँपवर लोड जास्त, परत लाल दिवा. म्हणून बटणांवर रिले, म्हणजे करंटवर चालणारे स्विच, टाकले आणि एकाचा सप्लाय दुसऱ्याच्या एनसी कॉन्टॅक्टमधून, म्हणजे तो रिले चालू झाला की तुटणाऱ्या जोडणीतून, फिरवला, आता सातही दाबा, वाजणार एकच. यावर एका गृहस्थांची तक्रार आली की बाकीची सहा बटणं बंद पडलीयेत.

झाकण लावायच्या आधी आतून डायग्राम चिकटवला, मोठ्या अक्षरात "मायनस जोडू नका". आता सगळं नीट आहे, फक्त मोबाईल चार्जिंगला लावून गाणं लावलं की मागे बारीक हम्म येतं. ग्राउंड लूप आहे, म्हणजे चार्जर आणि अँप दोघांच्या ग्राउंडमधून फिरणारा करंट, मला माहितीये. पण झाकणाला बावीस स्क्रू आहेत, त्यापेक्षा चार्जर काढा म्हणावं.